पागेतलं गणित

रौप्यमहोत्सवाचा मेसेज आला तेव्हा मी एका घोडीचा पाय मांडीत धरून खूर तासत होतो, अशा वेळी फोन वाजला तरी पाय सोडता येत नाही, त्यामुळे वाचला तासाभराने. आपल्या पागेवाल्या शाळेबद्दल स्मरणिकेत चार शब्द लिहा म्हणे. लिहायला बसलो तर पागेत शिकवणाऱ्या आपल्या बाईच नुसत्या आठवायला लागल्या, तेव्हा बाकीच्या सरांनी राग मानू नये.

आपण सगळे तिथे कसे येऊन पडलो ते काय सांगायचं. मी आधीच्या शाळेत नववीत दोनदा बसलेलो, गणितात भोपळा. आणि आपल्याकडे पहिला तास सकाळी सहाला, तोही वहीशिवाय. लीद काढा, हौद घासा, खरारा करा म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करा, मग हात धुवून वर्गात. पहिले पंधरा दिवस मला वाटायचं ही शिक्षाच आहे, नाव फक्त शाळा दिलंय.

मग जंताचं औषध द्यायचा दिवस आला. ते वजनावर द्यायचं असतं. बाईंनी विचारलं, म्हातारीचं वजन किती रे? (म्हातारी म्हणजे तीच, सगळ्यांच्या बाह्या चावणारी ठेंगणी तांबडी घोडी.) मी ठोकून दिलं, पाचशे किलो. बाई काही बोलल्या नाहीत, खिशातून टेप काढून हातात दिला, शिंप्याकडे असतो तसाच पण लांब. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी. म्हातारी काही उभी राहीना, तीनदा मोजलं आणि तीनदा वेगळं आलं. शेवटी घेर 170 सेंटिमीटर, लांबी 150. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11880. आता वर्ग म्हणजे काय हे मला पाठ होतं, कळलेलं नव्हतं. चंदीच्या, म्हणजे घोड्यांच्या दाण्याच्या पेटीच्या झाकणावर खडूने गुणाकार केला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा उत्तर आलं 365. बाई म्हणाल्या, "वरचे 135 किलो कुठून आणलेस? त्यांचं औषध कोणाला पाजणार, तुला?" अख्खी पागा हसली, मीपण हसलो. आणि मग हळूच म्हणाल्या, कमी देणंपण वाईट रे, जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात.

त्या दिवसापासून बाईंनी मला सोडलंच नाही. रोजचा सुका चारा वजनाच्या साधारण 2 टक्के, म्हणजे म्हातारीला 7 किलो 300 ग्रॅम, ही माझी शेकडेवारी. जबड्याखाली बोट ठेवून 15 सेकंद नाडी मोजायची आणि चारने गुणायची, शांत उभ्या घोड्याची मिनिटाला 28 ते 44 येते, हा माझा पाढा. बाहेरून दहावीला बसलो, गणितात 52. तुम्हाला 52 काहीच वाटणार नाहीत.

आज 14 वर्षं नालबंदी करतोय. सहा ते आठ आठवड्यांनी तेच घोडे परत येतात, काही मालकांपेक्षा त्यांचे खूर मला जास्त ओळखीचे आहेत. हाताखाली दोन पोरं आहेत, दोघंही शाळा सोडलेली. वजन विचारलं की अंदाजाने सांगतात, मग मी टेप देतो. स्मरणिकेच्या मेसेजबरोबर फोटो आलेत त्यात पागेच्या जागी कॉम्प्युटर रूम दिसतेय, घोडे दोनच उरलेत म्हणे आणि खरारा व्हिडिओवर दाखवतात. असेल, काळाप्रमाणे बदलावं लागतं. पण व्हिडिओतला घोडा लाथ मारत नाही हो, आणि लाथ कुठून येते हे कळल्याशिवाय घोड्याच्या मागून जायचं कसं ते कोण शिकणार?

बाई येणार आहेत का एवढं मात्र मला नक्की कळवा. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी दोन घोड्यांना नाल ठोकायचे आहेत, ते आटपून थेट येईन. नाल गरम करून बसवतो त्यामुळे कपड्यांना जळक्या खुराचा वास येत असेल, पहिल्या रांगेत बसवू नका. बाईंच्या शेजारी जागा असेल तर चालेल, त्यांना वासाची सवय आहे.