चार हजार देतो, क्लोज करा

"काका, ४००० देतो, लिलाव क्लोज करा ना."

जुनी नाणी विकणाऱ्या प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये हा मेसेज कधी ना कधी येतोच. नाणी जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिलावाची बोली चालू असते, कुणीतरी अठराशेवर थांबलेलं असतं, आणि इकडे आतून हा. सोबत जोडलेले दोन हात. काही जण तर तुम्ही हो म्हणायच्या आधीच यूपीआय नंबर मागतात.

माझं मत सांगून टाकतो. पहिली बोली पडेपर्यंत माल तुमचा. कुणालाही द्या, परत डबीत ठेवा, भाव वाढवून पुन्हा टाका. बोली पडली की मात्र आतल्या सौद्याला नाही म्हणायचं. आकडा कितीही मोठा असो.

कायदा विचाराल तर तो बराच सैल आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याचं ६४ वं कलम सांगतं की हातोडा पडला, किंवा तशाच रूढ पद्धतीने लिलाव संपल्याचं जाहीर झालं, की विक्री पुरी. तोपर्यंत बोली लावणारासुद्धा आपली बोली मागे घेऊ शकतो. आता व्हॉट्सअ‍ॅपवर हातोडा कुठून आणायचा? रविवारी रात्री दहाला अ‍ॅडमिन 'सोल्ड' लिहितो, तोच आमचा हातोडा. त्याआधी कोर्टात कुणी कुणाला खेचू शकणार नाही. जिथे कायदा हात झटकतो तिथेच रीत लागते, नाहीतर रीत हवीच कशाला?

ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटने याचा नियमच करून ठेवलाय. लिलावाला बारा तासांपेक्षा कमी उरले असतील आणि बोली पडलेली असेल, तर बोल्या रद्द करून माल काढून घेता येत नाही; लवकर संपवायचंच असेल तर त्या क्षणी ज्याची बोली सगळ्यात वर, त्यालाच द्यायचं. बाहेरच्या बाहेर सौदा तर मुळातच मना. २०१८ मध्ये ईबेचं भारतातलं दुकान बंद झालं आणि आपली मंडळी फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर आली. बोली, इन्क्रिमेंट (म्हणजे पुढची बोली किमान कितीने वाढवायची), शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर पाच मिनिटं वाढ, एवढं सगळं बरोबर आलं. बारा तासांचा नियम तेवढा वाटेत कुठेतरी पडला.

विकणाऱ्याला मोह का होतो, तेही समजतं. शुक्रवारी नाणं टाकलं, शनिवारी रात्री बघतो तर अठराशे. जीव खाली-वर होतो. पण जाणता गिऱ्हाईक शनिवारी बोलत नाही. आल्विन रॉथ (पुढे २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले) आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी ईबे आणि तेव्हाच्या अ‍ॅमेझॉन लिलावांची तुलना केली होती. ईबेवर ठरलेल्या सेकंदाला पडदा पडायचा. अ‍ॅमेझॉनवर शेवटी बोली आली की वेळ वाढायची. शेवटच्या क्षणी उडी मारणारे ईबेवर कितीतरी जास्त निघाले. आमच्या पाच मिनिटांच्या वाढीमुळे ते थोडं कमी होतं, तरी खरी गंमत रविवारी साडेनऊनंतरच. शनिवारचा आकडा बघून घाबरायचं काही कारण नसतं.

आणि आतून चार हजार म्हणणारा काही दानधर्म करत नसतो. बाकीच्यांशी भिडायला लागू नये म्हणून तो पैसे मोजतो. त्याला फोटोत काहीतरी दिसलंय, जे कदाचित तुम्हाला दिसलेलं नाही.

माझ्या आजोबांची आडत होती. त्यांच्या तरुणपणी भाव रुमालाखाली ठरायचा. व्यापारी आणि आडत्या हातात हात घालून बोटं दाबायचे, वर रुमाल, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून दोघांच्या तोंडाकडे बघायचा. हत्ता म्हणायचे त्याला. बाजार समित्यांनी उघड लिलावाचा आग्रह धरला तो उगीच नाही. इनबॉक्स म्हणजे तोच रुमाल. फरक इतकाच की बाहेर उभे राहिलेले या वेळी बोली लावणारे असतात.

त्यांचं काय जातं, असं विचारणारे भेटतात. जातं की. रविवारी एकाच रात्री पाच-सहा लॉट, म्हणजे लिलावाला ठेवलेले नग, असतात. पेन्शनीतला एक माणूस महिन्याला दोन-तीन हजार या नादाला काढतो. तुमच्या लॉटवर त्याची बोली उभी आहे म्हणून तो शेजारच्या लॉटवरचा हात आवरतो. रात्री आठला तुम्ही 'विथड्रॉन' लिहिता. शेजारचा लॉट तोवर त्याच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो.

तो चार हजारांचा मेसेज मला आला होता एका शिवराईसाठी. एका बाजूला तीन ओळींत 'श्री / राजा / शिव', दुसरीकडे 'छत्र / पति', आणि कडेची ठिपक्यांची माळ बरीचशी शाबूत. शिवराई हाताने ठोकलेली. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान, त्यामुळे एखादं अक्षर हमखास कडेबाहेर जातं. हिच्यात 'श्री'ची वेलांटीसुद्धा पूर्ण होती. मी त्या गृहस्थांना लिहिलं, "दादा, ग्रुपवरच टाका, स्वागत आहे." त्यांनी टाकली नाही. नाणं ३२०० ला गेलं. आमच्या सौ.नी हिशोब लगेच केला: "आठशे रुपयांचं तत्त्व!" माझ्याकडे उत्तर नव्हतं, चहा मात्र मिळाला.

मागणाऱ्यालाही माझा एवढाच आग्रह. आवडलं तर बोली पडायच्या आधी विचारा, "फिक्स रेटला द्याल का?" यात काही वावगं नाही. आणि विकणाऱ्याला घासाघीसच आवडत असेल तर त्याने लिलाव मांडूच नये, सरळ 'ऑफर कळवा' लिहावं.

लिलाव खरंच थांबवावा लागतो, नाही असं नाही. नाणं पुन्हा हातात घेतलं, कडेला ओतकामाची रेघ दिसली, नाणं ठोकलेलं नसून साच्यात ओतलेली नक्कल असावी अशी शंका आली. घरात काही घडलं. अशा वेळी कारण उघड लिहायचं, बोली लावलेल्या प्रत्येकाला टॅग करून: "लॉट ७ मागे घेतोय, कडेबद्दल शंका आहे, क्षमस्व." बहाणा मात्र करू नये. एकाने मध्यंतरी "नाणं सापडत नाही" म्हणून लिलाव बंद केला, आणि चारच दिवसांत ते नाणं दुसऱ्याच्या 'न्यू अ‍ॅडिशन'मध्ये, म्हणजे संग्रहातल्या नव्या भरतीच्या फोटोत, झळकलं. हाताने ठोकलेली दोन नाणी कधी सारखी नसतात, आणि या ग्रुपातल्या लोकांना स्वतःच्या जावयाचा वाढदिवस आठवत नसला तरी फोटोतली कडेवरची खोच बरोबर आठवते.