सव्वीस

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गुंड्याच्या छातीला डावीकडं लावला आणि तो तिथून हललाच नाही. लस द्यायला गेलो होतो फक्त, एरवी दोन सेकंदात उरकतं ते. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "मर्मर येतोय ओ. ६ पैकी ३ ग्रेड."

गुंड्या आमचा पॉमेरेनियन कुत्रा, ११ वर्षांचा. छोट्या जातीत म्हातारपणी हृदयाची डावीकडची झडप बऱ्याचदा नीट मिटत नाही, रक्त थोडं मागं गळतं, त्याचा हा आवाज म्हणे. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केल्यावर कळेल हृदय वाढलंय का, काही कुत्री औषधाशिवाय पण वर्षानुवर्षं ठीक राहतात. मी नुसती मान हलवत होतो, सात रस्त्यापर्यंत गाडी कशी आणली ते पण आठवत नाही आणि हा मात्र पुढं बसून नेहमीसारखा वारा खात होता.

"झोपल्यावर श्वास मोजा, मिनिटाला ३० च्या वर सारखे यायला लागले तर लगेच आणा."

आता रात्रीचा दीड वाजलाय. आमच्या जुन्या, विरलेल्या चादरीवर झोपलाय, झोपेतच पुढचा पाय हलवतोय. मोबाईलवर टायमर लावून मोजले. २६. परत मोजले. २४. आई उठून आली, "झोप की रे आता" म्हणाली, आणि मग स्वतःच शेजारी बसून ओठातल्या ओठात मोजायला लागली.

११ वर्षं माझ्या पायाशी झोपतोय हा, त्याच्या श्वासाकडं कधी लक्षच गेलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाच्या कुत्र्याला असा मर्मर निघाला होता का? नंतर किती वर्षं होता तो तुमच्यासोबत?