होमलॅब अपडेट: बायोस सेटिंग आता रेडफिशवरून

मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेलं काम एकदाचं मार्गी लागलं: सर्व्हरच्या बायोसमधली (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) सेटिंग्ज आता रेडफिशने, म्हणजे नेटवर्कवरून सर्व्हर सांभाळायच्या प्रमाणित पद्धतीने, लांबूनच बदलता येतात. माझे दोन सर्व्हर, एचपीईचा इथे कोपरखैरण्यात घरी आणि डेलचा आर६४० मामाकडे ठाण्यात नौपाड्याला, बॅकअप दुसऱ्या घरी असावा म्हणून. डेलवर व्हर्च्युअल कन्सोलचं (सर्व्हरची स्क्रीन लांबून बघायची सोय) लायसन्स नाहीये, त्यामुळे बायोसमधलं एखादं सेटिंग बदलायचं तरी लोकल पकडून मामाकडे जायचं आणि टीव्हीला व्हीजीए केबल लावून बसायचं. रेडफिशला ते लायसन्स लागतच नाही.

खरं कारण म्हणजे पावसाळा. लाईट गेली की यूपीएस थोडा वेळ तग धरतो, मग सर्व्हर स्वतः नीट शटडाऊन होतो, इथपर्यंत सगळं ठीक. पण एसी पॉवर रिकव्हरी (लाईट परत आल्यावर मशीनने काय करायचं ते ठरवणारं बायोसचं सेटिंग) 'लास्ट'वर असेल तर लाईट आल्यावर मशीन बघतं की शेवटची अवस्था बंद होती, आणि बंदच राहतं. म्हणजे नीट शटडाऊन केलं म्हणूनच उठत नाही! त्यामुळे ते 'ऑन' हवं, आणि वर १२० सेकंदांचा डिले, कारण लाईट आली की दोन-तीनदा ये-जा करते, शिवाय राऊटर आधी उठलेला बरा.

हे करायचं कसं तर आधी रेडफिशमधल्या बायोस रिसोर्सवर (त्या माहितीच्या पत्त्यावर) गेट, म्हणजे वाचायची रिक्वेस्ट, मारून सगळे अ‍ॅट्रिब्यूट (प्रत्येक सेटिंगचं नाव आणि त्याची किंमत) फाईलमध्ये काढून घ्या. मग बदल पॅच करायचा (बदलायची रिक्वेस्ट पाठवायची) तो बायोसवर नाही, त्याच्या खालच्या सेटिंग्जवर. तिथे तो पेंडिंग पडून राहतो, डेलवर त्याचा जॉब (पुढच्या रीस्टार्टला करायचं काम) बनवावा लागतो, आणि रीस्टार्ट झाला की पोस्टच्या (मशीन सुरू होतानाच्या तपासणीच्या) वेळी लागू होतो. जॉब लागलेला असताना दुसरा पॅच घेत नाही, म्हणून सगळे बदल एकदमच द्या. शेवटी परत गेट मारून आधीच्या फाईलशी डिफ (कुठल्या ओळी बदलल्या तो फरक) काढा, ते बघितल्याशिवाय काम झालं असं मी तरी मानत नाही. माझ्या डिफमध्ये फक्त रिकव्हरी आणि डिलेच्याच ओळी आल्या, काय बरं वाटलं!

एचपीईला जॉब लागत नाही, पॅच करून रीस्टार्ट दिला की झालं. पण नावं सगळी वेगळी, तिथे 'ऑटो पॉवर ऑन' आणि किंमत 'ऑलवेज पॉवर ऑन', डिले पण ठरलेल्या पर्यायांतूनच निवडायचा, ठरावीक सेकंदांचा हवा तर जास्तीत जास्त ६०. डीएमटीएफ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१५ला आणलेल्या रेडफिशमुळे रस्ता सगळ्यांचा एक आहे, अ‍ॅट्रिब्यूट मात्र ज्याचे त्याचे. म्हणून स्क्रिप्ट लिहायच्या आधी अ‍ॅट्रिब्यूट रजिस्ट्री वाचाच, कुठल्या सेटिंगला काय काय चालतं, कुठलं कशावर अवलंबून आहे सगळं त्यात असतं.

आयपीएमआयवर (रेडफिशच्या आधीची जुनी पद्धत) पण पॉवर रिस्टोअर पॉलिसी, म्हणजे लाईट आल्यावर काय करायचं ते, बदलता येते, पण बाकीच्या बायोसला त्यात हात घालता येत नाही आणि २.० मध्ये सर्व्हर लॉगिनच्या आधीच पासवर्डचा हॅश (ज्यावरून पासवर्ड शोधून काढायचा प्रयत्न करता येतो) बाहेर देतो, म्हणून मी ते दोन्हीकडे बंदच केलंय. आणि कृपा करून बीएमसी (सर्व्हरमधली ही लांबून सांभाळायची वेगळी चिप) थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका, मी वायरगार्ड व्हीपीएनमधूनच जातो.

आता दोन्ही सर्व्हरच्या फाईल्स गिटमध्ये (फाईलचे जुने-नवे बदल जपून ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकल्यात, पुढे रोज रात्री आपोआप डिफ काढायचाय. कोणी रजिस्ट्रीवरून पॅच आधीच तपासणारी स्क्रिप्ट लिहिली असेल तर प्लीज शेअर करा.