एचडी ६५०: एका कानाला काळी जाळी, दुसऱ्याला चंदेरी

सुटे भाग मागवून देणाऱ्या दुकानाच्या फॉर्मवर मॉडेलचा रकाना असतो, सिरियल नंबरचा असतो, बिलाच्या तारखेचाही असतो. हेडफोनच्या आत कुठल्या काळातलं कॅप्सूल, म्हणजे प्रत्येक कानातला आवाज काढणारा ड्रायव्हर असलेला सुटा भाग, बसलंय, हे लिहायला मात्र जागा नसते. सेन्हायझर एचडी ६५० च्या बाबतीत घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

हे मॉडेल २००३ साली आलं. नाव तेच राहिलं, ३०० ओहम हा विद्युतरोधाचा आकडाही तोच राहिला, पण आतला माल बदलत गेला. हेडफोन उजेडात तिरका धरून बाहेरच्या जाळीतून आत पाहा. ड्रायव्हरच्या पाठीशी आणखी एक बारीक जाळी दिसेल. सुरुवातीच्या मालात ती काळी, नंतरच्या मालात चंदेरी. सेकंडहँड घेताना विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचे असे फोटो मागवाच. एकीकडे काळी आणि दुसरीकडे चंदेरी असेल, तर मध्ये कुणीतरी एक बाजू बदलली आहे.

माझ्या सेकंडहँड जोडीत दोन्हीकडे काळी होती आणि उजवी बाजू मुकी. जुन्या मालकाने ती स्पीकरच्या अ‍ॅम्पला जोडून कॉइल जाळली होती. तपासणी सोपी आहे. मल्टीमीटर ओहमवर ठेवा. केबलच्या अ‍ॅम्पकडच्या पिनच्या टोकापासून बुडापर्यंत डावी बाजू, मधल्या कडीपासून बुडापर्यंत उजवी. चांगल्या बाजूला ३०० च्या आसपास आकडा येतो, मेलेल्या बाजूला सर्किट ओपन, म्हणजे तुटलेलं, दाखवतं. मग केबलची कानाकडची टोकं अदलाबदल करून पुन्हा मोजा. दोन्ही टोकं दोन्ही कानांत बसतात. मीटरवर दोष पिनच्या त्याच जागी राहिला तर केबल खराब, दुसऱ्या जागी सरकला तर कॅप्सूल गेलं. हे केल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

दुकानात गाडी अडली. 'उजवी गेलीय ना, मग उजवीच मागवू,' असं म्हणून काउंटरवरच्या गृहस्थांनी फॉर्म भरला. जाळीच्या रंगाचं सांगितलं तर 'साहेब, ओरिजिनल पार्ट आहे, काही फरक पडत नाही.' भरपूर वाट पाहायला लावून कॅप्सूल आलं ते चंदेरी जाळीचं. बसवलं, आवाज आला, दुकानाच्या लेखी काम संपलं.

संपलं नव्हतं. फोनच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करून साधं निवेदन लावलं. मोनोमध्ये माणसाचा आवाज बरोबर नाकासमोर यायला हवा. इथे बोलणं मधोमध येत होतं, पण प्रत्येक 'स' आणि 'श' उजवीकडे घसरत होता. 'सकाळी सहा वाजता' एवढ्या तीन शब्दांत तो तीनदा... नाही, दोनदा सरकला. वाचताना हे किरकोळ वाटेल, ऐकताना मात्र डोकं फिरतं. बॅलन्सचं बटण फिरवून हे जात नाही. बॅलन्स सगळा आवाज सरकवतो, आणि इथे फरक फक्त वरच्या पट्टीत होता.

पॅडचा, म्हणजे कानावर टेकणाऱ्या गादीचा, संशय आधी फेडून घ्या. डावं पॅड उजवीकडे, उजवं डावीकडे. पॅड दबलं की ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो आणि आवाजाचा रंग बदलतो. माझं मत असं की कुठली जाळी चांगली, काळी की चंदेरी, हे जे घमासान चालतं, त्यातला बराचसा फरक जुन्या दबलेल्या आणि नव्या फुगीर पॅडचा असतो. नवे पॅड घालून तुलना केल्याशिवाय कुणाचंही ऐकू नका. पॅडखाली फोमची गोल चकती असते, तीही बघा. जुनी झाली की तिचा भुगा होतो. मुंबई-कोकणच्या दमटपणात तर विचारूच नका.

माझ्याकडे पॅड बदलले, चकत्या बदलल्या, 'स' काही जागेवर येईना. म्हणजे फरक कॅप्सूलचाच. डावंही नवं मागवायचं म्हटल्यावर काउंटरवर नवा वाद: 'चालू ड्रायव्हर कशाला बदलता?' मग एचडी ६०० चं कॅप्सूल 'सेम टू सेम' म्हणून पुढे केलं गेलं. ते बसतं, हे खरं. एचडी ५८०, ६०० आणि ६५० चे पॅड आणि केबलही एकमेकांना चालतात. पण ६०० आणि ६५० च्या कॅप्सूलचं ट्यूनिंग वेगळं आहे, त्यामुळे बसतं म्हणून जुळतं असं नाही. शेवटी फॉर्मच्या शेऱ्याच्या जागेत ठळक लिहिलं: 'एचडी ६५०, डावं, चंदेरी जाळी.' आणि खाली सही मागितली. सही मागितल्यावर लोक वाचतात. पुन्हा तीच प्रतीक्षा, पण आलं ते बरोबर आलं. 'स' नाकासमोर आला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

तुम्ही मात्र पहिल्याच फॉर्मवर दोन्ही बाजू मागा. खर्च दुप्पट, पण वाट एकदाच पाहायची. उरलेलं चांगलं काळं कॅप्सूल फेकू नका, काळ्या जोडीवाल्याला कधीतरी तेच हवं असतं. २०१६ मध्ये मासड्रॉप या ऑनलाइन विक्रेत्याने आणलेला एचडी ६एक्सएक्स हा ६५० चाच भाऊ. मोडका मिळाला तर सुट्या भागांसाठी उपयोगी पडतो.

बसवताना सोल्डरिंग लागत नाही. केबल आधी काढा, कारण तिच्या पिना थेट कॅप्सूलमध्ये शिरतात आणि त्या आत असताना ते बाहेर येत नाही. मग पॅड, मग फोम, मग कॅप्सूल. पिनांपैकी एक जाड, एक बारीक, त्यामुळे उलटं बसण्याची भीती नाही. पण बाहेरून बनवून घेतलेल्या केबलमध्ये एका बाजूच्या तारा उलट जोडलेल्या असू शकतात. मोनोत आवाज मधोमध न येता डोक्याभोवती पसरला, तर आधी तेच तपासा. आणि नव्या कॅप्सूलवर खालच्या सुरांना खरखर आली तर घाबरू नका, बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या थरथरणाऱ्या पडद्याला केस टेकलेला असतो. चिमट्याने अलगद काढा, पडद्याला चिमटा लावू नका.