गणपतीला का येत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

श्रावण लागला की हा प्रश्न सुरू होतो. आत्या विचारते, वहिनी विचारते. मे महिन्यात गेले तर कणकवली स्टेशनवरचा रिक्षावालासुद्धा विचारतो, "औंदा गणपतीक येवचा नाय?"

बरीच वर्षं उत्तर तयार होतं, मुलींची शाळा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात इथल्या, इंग्लंडमधल्या शाळा उघडतात, आणि परवानगीशिवाय आठवडाभर मूल गावी नेलं की आईला वेगळा दंड, बापाला वेगळा. पूर्वी 60 पाउंड होता, 2024 च्या ऑगस्टपासून 80. सबब खोटी नव्हती हो! पण आता धाकटीही युनिव्हर्सिटीत गेली. तर खरं ऐका, सप्टेंबरात मला इथून हलावंसं वाटत नाही.

स्टॅफर्डशरच्या खेड्यात असं काय आहे, असं दादा म्हणतो. कुंपणावर ब्लॅकबेरी पिकलेल्या असतात. आयव्हीच्या फुलांवर मधमाश्या घोंगावतात. गवतात पडून कुजलेल्या ब्रॅमली सफरचंदांवर रेड ॲडमिरल फुलपाखरं येऊन बसतात. जवळच्या ॲबट्स ब्रॉमलीत 4 सप्टेंबरनंतरच्या पहिल्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी हॉर्न डान्स निघतो. सहा जण चर्चमधली रेनडिअरची शिंगं खांद्यावर घेऊन नाचतात. ती कार्बन डेटिंगमध्ये अकराव्या शतकातली निघाली, आणि सर्वांत जड जोडी अकरा किलोच्या आसपास भरते. शेतं, घरं, ब्लिथफील्ड हॉल नावाचा वाडा असं दिवसभर फिरतात, आपल्याकडे शिमग्याला पालखी फिरते तसे. मी दरवर्षी जाते. हो, गणपती सोडून.

2024 ला तो सोमवार 9 सप्टेंबरला आला, गणपतीचा तिसरा दिवस. सकाळी नाच बघून आले आणि दुपारी तीनला फोन घेऊन बसले. तिकडे साडेसात, आरतीची वेळ. आईला उठवत नव्हतं, म्हणून तिचा पलंगच माजघरात आणला होता. 'सुखकर्ता' सुरू झालं आणि मला खिडकीतून हिरवळीवर हेजहॉगचं पिल्लू दिसलं. लख्ख उन्हात. हे अंगभर काटे असलेलं, रात्री फिरणारं छोटं जनावर. दिवसाढवळ्या असं उघड्यावर पडून राहिलं, तर बहुधा काहीतरी बिनसलेलं असतं. अंगावर माशा बसत होत्या.

फोन टेबलावर उलटा ठेवला. हातमोजे, खोका, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. पीठ मोजायच्या काट्यावर ते 210 ग्रॅम भरलं. हिवाळा झोपून काढायला साडेचारशे तरी लागतात. काट्यांच्या मुळाशी माशांची पांढरी अंडी चिकटली होती, तिथून अळ्या सुटायला वेळ लागत नाही. चिमट्यानं निघतील तेवढी काढली आणि खोका घेऊन प्राण्यांना सांभाळणाऱ्या एका बाईंकडे गाडी हाणली. घरी आले तेव्हा तिकडे सगळे झोपले होते.

दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, आई फोनकडे बघून सारखी विचारत होती, "बाय खय गेली?" मागून दादा ओरडला, "आरती टाकून उंदरामागे धावली! अगं, उंदीर इथंच होता, बाप्पाच्या पायाशी." सगळे हसले. मीही हसले.

आई जानेवारीत गेली. पिल्लू तर त्याच रात्री मेलं होतं. हे दादाला अजून सांगितलेलं नाही. तो काय म्हणेल ते मला पाठ आहे.

इथे नवीन आले तेव्हा हेजहॉगना ये-जा करता यावी म्हणून कुंपणाला तेरा सेंटिमीटरची भोकं पाडणाऱ्या शेजाऱ्यांना मी हसायचे. यांना माणसं कमी पडतात म्हणून जनावरं लागतात, असं आईला फोनवर सांगायचे. तेव्हाची मी आज समोर आली तर म्हणेल, तुलाही कमीच पडली की! पडली असतील. पण आईजवळ त्या संध्याकाळी घरभर माणसं होती, पिल्लाजवळ मी एकटी. हे मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की त्यात आता दम राहिलेला नाही. आणि दुसरं काही सुचतही नाही.

2026 ला चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, हॉर्न डान्स 7 ला. म्हणजे दोन्ही जमतं, हे दादानंच शोधून पाठवलंय. गणपतीत कोकण रेल्वेचं रिझर्वेशन मिळणं किती मुश्कील, ते मात्र त्यानं लिहिलं नाही. 8 तारखेचं विमान बघून ठेवलंय. तिकीट काढलेलं नाही.