पेन्सिलीतला भाव

"मजारमा वल्ला निंघना तं?" (आतमध्ये ओला निघाला तर?) कापसाच्या जिनिंगवरच्या मुनीमकाकांनी, त्यांच्या खरेदीच्या सॉफ्टवेअरसाठी मी काढलेल्या आकृतीच्या प्रिंटवर बोट ठेवून एवढंच विचारलं आणि मी गप्प.

बीपीएमएनमध्ये (कामाचा क्रम आकृतीत मांडायची पद्धत) झकास चित्र काढलं होतं हो, गेट, भरलेल्या गाडीचा काटा, ओलावा, भाव, गाडी खाली, रिकामा काटा, पेमेंट. प्रत्येक चौकोनातून, म्हणजे कामाच्या पायरीतून, एक रिक्वायरमेंट (सॉफ्टवेअरने काय करायचं ते), प्रत्येक डायमंडमधून, म्हणजे निर्णयाच्या जागेतून, एक नियम, 31 झाल्या म्हणून मी खूश. आणि गाडीत वरती कोरडा, खाली ओला कापूस निघाला तर? डायमंडच नव्हता तिथे.

मग काकांनी वही उघडली. भाव पेन्सिलीने लिहिलेला. गाडी पूर्ण खाली झाली की रबराने खोडतात, शेतकऱ्याशी पुन्हा बोलतात आणि मग पेनाने. माझ्या स्क्रीनवर तर भाव टाकला की लॉक! (तो नियम मीच हौसेने घातलेला.)

चार दिवस मी लोकांना "तुम्ही काय करता" विचारत होतो, सगळ्यांनी नीट चालणारा दिवसच सांगितला, साहजिकय.

आता "कच्चा भाव" आणि "पक्का भाव" अशी दोन फील्ड टाकतोय. पण कच्च्याचा पक्का करताना शेतकऱ्याचा होकार नोंदवायचा कुठे? वहीत तर तोही नाहीये.