गुळाच्या डब्यातल्या गोळ्या

२०१९ ची गोष्ट आहे पण अजून डोक्यातून जात नाही. मी टीबीच्या जनजागृतीचं काम करते, म्हणजे पोस्टर, फ्लिपचार्ट, आरोग्यसेविकांचं ट्रेनिंग वगैरे. त्या दिवशी मानखुर्दला लल्लूभाई कंपाउंडमध्ये गेलो होतो. नवा फ्लिपचार्ट छापायला टाकण्याआधी वस्तीतल्या बायकांना दाखवायचा आणि विचारायचं, बाई यात तुला काय दिसतं? वरच्या लोकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, माझ्या मते सगळ्या कामाचा जीव यातच आहे. तिथल्या बिल्डिंगा इतक्या चिकटून की भरदुपारी ट्यूबलाइट लावून बसलो होतो.

सगळ्या उठून गेल्या, एक सून मागे राहिली. चप्पल शोधल्यासारखं करत हळूच म्हणाली, "ताई, लाल लघवी झाली म्हंजे किडनी गेली ना?"

सासू बाहेर गेलेली बघून तिने मला घरी नेलं आणि गुळाच्या डब्यातून रुमालाची पुरचुंडी काढली, आत तिच्या टीबीच्या गोळ्या. तिचं वजन ३८ किलो, त्या हिशोबाने रोजच्या ३ गोळ्या. मोजल्या तर ५७. म्हणजे १९ दिवस औषध बंद!

टीबीच्या गोळ्यांमधल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी लालसर-नारिंगी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. एवढंच तिला कोणी सांगितलं नव्हतं. ओपीडीत गर्दी असते मान्य, पण हे सांगायला दहा सेकंद लागतात हो. आणि माझ्या फ्लिपचार्टमध्ये तरी कुठे होतं? 'औषध नियमित घ्या' मात्र तीन पानांवर.

पण हादरले ते पुढेच. आमच्या स्क्रीनवर तिचे १९ च्या १९ दिवस हिरवे, म्हणजे डोस घेतलेले होते. तेव्हा पाकिटातून गोळी ढकलून काढली की मागे लपलेला नंबर दिसायचा, त्यावर मिस्ड कॉल दिला की डोस घेतला अशी नोंद व्हायची. ही रोज गोळ्या काढायची, मिस्ड कॉल द्यायची आणि गोळ्या डब्यात. मग कॉल तरी कशाला करायचीस म्हटलं, तर म्हणाली, "नाय केला तर सेविकाताई घरी येते ना. अख्ख्या मजल्याला कळतं."

कॉल चुकला की घरी भेट, हे ट्रेनिंगमध्ये मीच शिकवायचे. पेशंटला आधार वाटावा म्हणून.

त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं, तपासून औषध परत सुरू झालं. लघवीच्या रंगाचं पान फ्लिपचार्टमध्ये घालायला मला ऑफिसात भांडावं लागलं, एका साहेबांना ते चित्र 'बरं दिसत नाही' असं वाटत होतं. पान आत गेलं शेवटी. सेविकेला सांगितलं की पेशंटला आधी विचार, कुठे भेटू? ती सून म्हणाली, पिठाच्या गिरणीवर, मंगळवारी, दळण घेऊन येते तेव्हा.

तिचं कळलं कारण तिने स्वतःहून विचारलं. स्क्रीनवर त्या दिवशी आणखी बरीच नावं हिरवी होती, त्यांच्या घरचे डबे कोणी उघडून बघितले नाहीत, मीही नाही.